स्टीलच्या स्कुबा टाकीतला गंज: मे महिन्यात काय करायचं, सप्टेंबरात काय बघायचं

चार महिने उभी असलेली टाकी हंगामाच्या तोंडावर हळूच पालथी केली तर आतून काहीही ऐकू यायला नको. एका सप्टेंबरात मालवणला आमच्या खोलीत एका बारा लिटरच्या टाकीतून आवाज आला. पाणी खळखळावं इतका मोठा नाही, वाळू सरकावी तसा. टाकी रिकामी करून, व्हॉल्व्ह काढून ती पांढऱ्या परातीवर उलटी धरली. आधी काहीच नाही, मग एक चमचाभर पाणी ओघळलं. रंग उकळून उरलेल्या चहासारखा, आणि तळाला चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी खपल्या. बाहेरून टाकी नवीकोरी होती, रंगाला ओरखडासुद्धा नव्हता. मे महिन्यात मीच ती पुसून कोपऱ्यात ठेवली होती.

त्या चमच्याभर पाण्याने मला जे शिकवलं ते इथे सविस्तर लिहितो आहे. आपल्या किनाऱ्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या भरपूर आहेत. पण स्टीलच्याही आहेत, आणि ज्यांना कमरेला कमी शिसं (पाण्याखाली राहायला लागणारं वजन) बांधून डाइव्ह करायची असते त्यांना त्याच आवडतात. स्टीलची टाकी नीट सांभाळली तर दशकानुदशकं चालते. तिचा शत्रू एकच, आणि तो आत असतो.

गंज आधी हवा खातो, मग धातू

गंज म्हणजे टाकी कमजोर होणार आणि कधीतरी फुटणार, एवढंच आपल्याला सुचतं. ते खरं आहे, पण त्याला वेळ लागतो. त्याआधी घडणारी गोष्ट जास्त घातक आहे: लोखंड गंजताना ऑक्सिजन शोषून घेतं, आणि तो ऑक्सिजन येतो तुमच्या श्वासाच्या हवेतून.

हिशोब करून बघा. १२ लिटरच्या टाकीत ५० बार दाब शिल्लक आहे (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब), म्हणजे ६०० लिटर हवा. त्यात ऑक्सिजन साधारण १२५ लिटर. तो २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर यायला सुमारे ११० ग्रॅम लोखंड गंजावं लागतं. टाकीच्या आतल्या सगळ्या पृष्ठभागावर हे पसरलं तर जाडी भरते मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, वहीच्या कागदाच्या निम्मी. टाकीला धोका नाही, हायड्रो टेस्टलाही, म्हणजे पाणी भरून घेतलेल्या दाबाच्या चाचणीलाही, ती पास होईल. पण आतली हवा श्वास घ्यायच्या लायकीची राहिलेली नसेल.

आणि ही हवा खाली गेल्यावर फसवते. समजा, ऑक्सिजन १२ टक्क्यांवर आला आहे. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो, त्यामुळे शरीराला मिळणारा ऑक्सिजन २४ टक्क्यांच्या हवेइतका असतो. माणसाला काही वाटत नाही. तो वर यायला लागतो, दाब उतरतो, आणि पृष्ठभागाजवळ शुद्ध हरपते. गुदमरल्यासारखंही होत नाही, कारण गुदमरायला लावतो तो साठलेला कार्बन डायऑक्साइड, आणि तो तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर नीट बाहेर पडत असतो. म्हणून सांगतो: गेल्या हंगामातली हवा कोणालाही देऊ नका. पर्यटकाला नाही, मित्राला नाही, 'जरा नांगर सोडवून येतो' म्हणणाऱ्या स्वतःलाही नाही.

पाणी शिरतं कुठून

कोरड्या टाकीला गंज चढत नाही. त्यामुळे गंजाचा प्रश्न खरं तर पाण्याचा प्रश्न आहे, आणि पाणी यायच्या वाटा मोजक्या आहेत.

पहिली वाट समुद्राची. टाकी पार शून्यावर आणली, वर होडीत व्हॉल्व्ह उघडा राहिला, लाट आली, की खारं पाणी थेट आत. किंवा खाली असतानाच टाकीतला दाब बाहेरच्या दाबाइतका उतरला आणि कोणी रेग्युलेटरचं (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या उपकरणाचं) बटण दाबलं, की पाणी उलटं चढू शकतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे: ५० बार उरले की वर यायचं, आणि होडीत टाकी सोडली की व्हॉल्व्ह लगेच बंद. टाकी कधीही पूर्ण रिकामी राहू द्यायची नाही. आत बाहेरच्यापेक्षा थोडा जरी जास्त दाब असला तरी समुद्र आत येऊ शकत नाही.

दुसरी वाट भरण्याच्या जागेची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पाणी इथूनच जातं. टाकी गोड्या पाण्याने धुतली, ओलीच आणून कॉम्प्रेसरच्या (हवा दाबून टाकीत भरणाऱ्या यंत्राच्या) होजला, म्हणजे नळीला, जोडली. व्हॉल्व्हच्या तोंडात दोन थेंब बसलेले असतात. हवा सुरू केली की ते दोन थेंब २०० बारच्या झोताबरोबर आत. दिवसाला दोन थेंब म्हणजे हंगामाला किती, हे वेगळं सांगायला नको. काही ठिकाणी टाक्या गार राहाव्यात म्हणून पाण्याच्या हौदात ठेवून भरतात; तिथे तर होजचं टोकही भिजलेलं असतं.

तिसरी वाट खुद्द हवेची. कोकणातल्या मे महिन्याची हवा, ३० अंश आणि ८० टक्के दमटपणा, एका घनमीटरमागे २४ ग्रॅम पाणी घेऊन फिरते. १२ लिटरच्या एका टाकीत २०० बारला जवळपास अडीच घनमीटर हवा जाते. म्हणजे एक टाकी भरताना कॉम्प्रेसर ५५ ते ६० ग्रॅम पाणी ओढतो, छोटा अर्धा पेलाभर. ते सगळं सेपरेटरमध्ये (हवेतलं पाणी वेगळं काढणाऱ्या भागात) आणि फिल्टरमध्ये अडायला हवं. श्वसनाच्या हवेच्या युरोपीय मानकात, ईएन १२०२१ मध्ये, टाक्या भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेला घनमीटरमागे २५ मिलिग्रॅम पाण्याची मर्यादा आहे. चोवीस ग्रॅमवरून पंचवीस मिलिग्रॅमवर, हजारातला एक भाग! हे काम शेवटी फिल्टरमधल्या मॉलिक्युलर सीव्हच्या, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या, दाण्यांवर येतं, आणि ते दाणे उन्हाळ्यात लवकर दमतात. २० अंशांची संपृक्त हवा घनमीटरला १७ ग्रॅम पाणी धरते, ४० अंशांची ५१ ग्रॅम. फिल्टरच्या डब्यावर छापलेले तास थंड देशातल्या तापमानाचे असतील तर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर समाधान मानायचं.

चौथी वाट हायड्रो टेस्टची. टाकीत पाणी भरूनच ती चाचणी होते. नंतर नीट वाळवली नाही तर प्रमाणपत्रासोबत गंजही घरी येतो.

रोजच्या चार सवयी

होज जोडण्यापूर्वी व्हॉल्व्हचं तोंड कोरड्या फडक्याने पुसा, मग तोंड माणसांपासून दूर वळवून व्हॉल्व्ह क्षणभर उघडा: एक फुस्स, आणि तोंडातले थेंब बाहेर. होजचं टोकही तसंच एकदा फुंकून घ्या. दोन सेकंदांचं काम आहे, आणि या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

कॉम्प्रेसर चालू असताना दर दहा-पंधरा मिनिटांनी सेपरेटरचं पाणी सोडा. आपोआप सोडणारी यंत्रणा असली तरी ती खरंच सोडते आहे का हे बघा. फिल्टर बदलल्याची तारीख आणि तास कॉम्प्रेसरवरच खडूने लिहा. टाकी सावकाश भरा. आणि डाइव्ह झाल्यावर टाकी बाहेरून गोड्या पाण्याने धुताना खालचा रबरी बूट काढून धुवा. त्याच्या आत खारं पाणी दिवसेंदिवस राहतं आणि बाहेरचा गंज नेमका तिथे, नजरेआड चढतो.

मेअखेर: टाकी झोपवण्यापूर्वी

पावसाळ्यात समुद्र बंद असतो, टाक्या चार महिने खोलीत. आत पाणी असेल तर त्याला चार महिने मोकळं रान मिळतं. म्हणून टाकी सप्टेंबरात नव्हे, मे महिन्यात तपासायची. सगळे सप्टेंबरात उघडतात. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

व्हॉल्व्ह न काढता करायची तपासणी अशी. टाकीत ३०-४० बार असताना ती पालथी करा, पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या. मग व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून झोत स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर घ्या. फडकं कोरडं राहिलं तर चांगलं लक्षण. ओलं झालं तर आत पाणी आहे. तांबूस ठिपके आले तर गंजही आहे. मात्र व्हॉल्व्हला आत एक बोटभर नळी असते, कचरा वर येऊ नये म्हणून बसवलेली. पाणी त्या नळीच्या उंचीपेक्षा कमी असेल तर ते या परीक्षेत सापडत नाही. तेव्हा फडकं कोरडं म्हणजे टाकी कोरडी, असं छातीठोक म्हणता येत नाही.

दुसरा पुरावा रेग्युलेटरमध्ये मिळतो. त्याच्या टाकीला जोडायच्या भागाच्या, म्हणजे फर्स्ट स्टेजच्या, तोंडाशी धातूच्या बारीक कणांचा एक छोटा फिल्टर असतो, शर्टाच्या बटणाएवढा. नवा असताना तो रुपेरी चमकतो. तो हिरवट झाला तर खारं पाणी रेग्युलेटरमध्ये शिरून पितळ खाल्लं जातंय. काळा झाला तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा येतोय. तांबूस-तपकिरी झाला तर कुठल्यातरी स्टीलच्या टाकीत गंज आहे. कुठल्या, ते शोधण्यासाठी टाक्यांना नंबर घाला आणि रेग्युलेटर कोणत्या टाकीला लागला ते वहीत लिहा. आमची वही आहे, तिचा फार उपयोग होतो.

आता साठवण. टाकी भरलेली ठेवायची की जवळपास रिकामी, यावर वाद चालतो. माझं उत्तर ठाम आहे: कोरडी असल्याची खात्री करून १५-२० बारवर, उभी, सावलीत. कारण असं. २०० बारला आतल्या ऑक्सिजनचा दाब ४२ बार असतो. पाणी असेल तर गंज धडाक्याने चढतो, आणि तेवढा ऑक्सिजन दीड किलो लोखंड गंजवायला पुरतो. २० बारच्या टाकीतला सगळा ऑक्सिजन संपला तरी १६०-१७० ग्रॅमच्या वर लोखंड खाल्लं जाऊ शकत नाही. टाकी वाचते. हवा मात्र लवकर बिघडते, म्हणून अशा प्रत्येक टाकीवर चिकटपट्टी लावून ठळक लिहा: 'श्वासासाठी नाही'. उभी ठेवायची ती एवढ्यासाठी की तळाचं स्टील भिंतीपेक्षा जाड असतं. आडव्या टाकीत चुकून राहिलेलं पाणी पातळ भिंतीवर लांब रेघ धरून बसतं, आणि गंज त्याच रेघेवर धातू पोखरत जातो.

टाकी उघडणं

हे काम शिकलेल्या माणसासमोर दोन-चारदा पाहिल्याशिवाय हाती घेऊ नका. मी स्वतः पहिली दोन वर्षं फक्त टॉर्च धरायला उभा होतो.

हवा सावकाश सोडा, निदान अर्धा तास घेऊन. भसकन सोडली तर टाकी गारठते आणि व्हॉल्व्ह काढल्यावर बाहेरची दमट हवा आत जाऊन भिंतीवर दव धरतं. तपासायला उघडलेली टाकी आपणच ओली करून बसतो.

आवाज थांबला म्हणजे टाकी रिकामी, असं समजू नका. गंजलेल्या टाकीत आतली नळी खपल्यांनी बुजू शकते. व्हॉल्व्ह उघडा, आवाज नाही, आणि आत दाब तसाच. खात्री करण्यासाठी व्हॉल्व्ह उघडा ठेवून रबरी नळीने थोडी हवा पंपाने आत ढकला आणि नळी सोडा. आत गेलेली हवा परत बाहेर आली पाहिजे. ती आत जातच नसेल तर हात लावू नका, टाकी तशीच चाचणी केंद्राला द्या आणि शंका सांगा. व्हॉल्व्ह फिरवताना तो नेहमीपेक्षा जास्त घट्ट लागला किंवा आट्यांतून बारीक सूं आवाज आला, तरी तिथेच थांबायचं.

व्हॉल्व्ह निघाला की टाकी पांढऱ्या परातीवर उलटी करा. पाणी निघालं तर फेकू नका, चमच्यात घेऊन उन्हात ठेवा. वाळल्यावर पांढरी कड उरली तर ते समुद्राचं किंवा मचूळ विहिरीचं. काहीच उरलं नाही तर हवेतलं, म्हणजे फिल्टर बघा. तेलकट झाक दिसली तर कॉम्प्रेसरच उघडायला हवा.

आत बघायला तारेवरचा छोटा एलईडी दिवा टाकीत सोडा. मोबाईलला लागणारा लांब वायरचा कॅमेरा असेल तर फारच छान. मानेच्या आतल्या बाजूला दातांच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा लागतो. भिंत, तळ, खांदा, आटे, या क्रमाने बघा आणि फोटो काढून टाकीच्या नंबराने साठवा. पुढच्या वर्षी तुलना करता येते.

पृष्ठभागावर नुसती तांबूस छटा, बोटाला पावडर लागते आणि खाली धातू गुळगुळीत, तर तो वरवरचा गंज. घाबरायचं कारण नाही, पण पाणी कुठून आलं ते शोधायला हवं. खपल्या सुटत असतील तर साफ केल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही, कारण खरी गोष्ट खपलीखाली असते. काळा, चिकट थर दिसला तर ऑक्सिजन कमी पडेपर्यंत गंज चाललेला आहे, आतली हवा कशी असेल ते ओळखा. खड्डे दिसले तर निर्णय तुमचा-माझा नाही, तो अधिकृत तपासनिसाचा. त्यातही एका रेघेत आलेले खड्डे सुट्या खड्ड्यांपेक्षा वाईट, कारण धातूला तडकायला ती आयती रेघ मिळते.

साफ करणं

वरवरचा गंज असेल तर बऱ्याचदा गरम पाण्याने धुऊन, वाळवून भागतं. खपल्यांचा असेल तर टाकी लोळवावी लागते. दोन रबरी रोलर, त्यांना हळू फिरणारी मोटर, आणि टाकीत निम्म्यापर्यंत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिरॅमिकचे टोकदार तुकडे, वर ते बुडतील इतकं पाणी. तास झाला की थांबवून आत बघा. स्वच्छ धातू दिसला की पुरे. 'रात्रभर फिरू दे' म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, गंज संपल्यावर ते तुकडे चांगलं स्टील घासत बसतात.

किनाऱ्यावरची वाळू, खडे, लोखंडी साखळी टाकीत घालू नका. वाळूत मीठ असतं. बाथरूम साफ करायचं ॲसिड तर अजिबात नको. ते गंजाबरोबर स्टील खातं, आणि त्यातून सुटणारा हायड्रोजन असल्या कडक स्टीलला ठिसूळ करतो. फॉस्फोरिक ॲसिडचे गंज काढणारे द्रव काही कार्यशाळा वापरतात, पण ते मोजून वापरणं आणि नंतर पूर्ण निष्प्रभ करणं हे त्यांचं काम. आतून तेल, ग्रीस किंवा रंग लावायचा विचारही करू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की आग लागू शकते, आणि आतल्या रंगाखाली गंज लपून वाढतो. काही दशकांपूर्वी आतून लेप दिलेल्या टाक्या निघाल्या होत्या, त्या याच कारणाने मागे पडल्या. बाहेरून नवा रंग हवा म्हणून टाकी पावडर कोटिंगच्या भट्टीतही देऊ नका. तिची ताकद कारखान्यात दिलेल्या उष्णतेच्या संस्कारावर उभी आहे.

वाळवणं, इथेच बहुतेक जण चुकतात

साफ झालेलं उघडं स्टील ओलं राहिलं तर काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतं. म्हणून वाळवण्याची तयारी धुण्याच्या आधी करून ठेवा.

शेवटचं पाणी गरम आणि बिनक्षाराचं हवं. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात, तसलं पाणी शेवटी वापरलं तर सगळी मेहनत फुकट. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं. ते दोन लिटर चांगलं गरम करून टाकीत घाला, टाकी सगळीकडून फिरवा आणि ओता. धातू गरम झाला की उरलेलं पाणी स्वतःच उडायला लागतं. लगेच टाकी पालथी लटकवा आणि एक नळी तळापर्यंत नेऊन तिच्यातून फिल्टर केलेली कोरडी हवा कमी दाबाने सोडत राहा. नळी तळापर्यंतच हवी. तोंडाशी धरलेली हवा तोंडाशीच फिरते आणि तळ ओला राहतो. अर्धा-पाऊण तास चालू द्या, टाकी गार होईपर्यंत. मग दिवा टाकून पुन्हा बघा.

व्हॉल्व्हला नवी ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी), तिला श्वसनाच्या उपकरणांसाठीचं सिलिकॉन ग्रीस, नावापुरतं. जास्त ऑक्सिजनचं नायट्रॉक्स भरणार असाल तर टाकी आणि व्हॉल्व्ह ऑक्सिजनसाठी वेगळे साफ करावे लागतात आणि ग्रीसही वेगळं. व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी टाकीवरचा आणि व्हॉल्व्हवरचा आट्यांचा शिक्का जुळवा. एम २५ बाय २ आणि पाऊण इंची हे आटे हाताला सारखेच वाटतात, एकमेकांत काही फेरे जातातही, आणि दाबाखाली व्हॉल्व्ह उडू शकतो. जुन्या, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या टाक्यांच्या बाबतीत हे विशेष सांभाळा.

चाचणी केंद्राशी बोलताना

आपल्याकडे टाक्यांचा कायदा म्हणजे गॅस सिलिंडर नियम, २०१६. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. हायड्रो टेस्ट मान्यताप्राप्त केंद्रातच करून घ्या आणि खांद्यावर ठोकलेली तारीख स्वतः वाचा. ब्रिटनमध्ये डाइव्हिंगच्या टाकीची दर अडीच वर्षांनी आतून तपासणी आणि दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट होते. अमेरिकेत दर वर्षी आतून बघायची प्रथा आहे. आपल्या दमट किनाऱ्यावर मी वर्षातून दोनदा बघतो, आणि ते जास्त होतं असं मला कधी वाटलेलं नाही.

केंद्रावर टाकी सोपवताना एक विनंती आवर्जून करा: व्हॉल्व्ह बसवण्याआधी मला आत बघू द्या. दिवा सोबत न्या. पावसाळ्यात चाचणी झाली असेल तर विशेषच, कारण त्या दिवसांत नुसती उलटी ठेवलेली टाकी वाळत नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी 'श्वासासाठी नाही' लिहिलेल्या सगळ्या टाक्या बाहेर काढा. एकेकीला ऑक्सिजन ॲनालायझर लावा, आकडा वहीत लिहा. २०.९ आला तर जुनी हवा सोडून द्या, ताजी भरा, चिकटपट्टी काढा. २०.५ च्या खाली आला तर ॲनालायझर बाहेरच्या हवेवर जुळवून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल तर ती टाकी बाजूला, आणि त्या दिवशी ती होडीत चढत नाही. आमच्या त्या बारा लिटरच्या टाकीला तेव्हा ॲनालायझर लावला असता तर काय आकडा आला असता, हे मला कधीच कळणार नाही. आवाज ऐकून मी ती हवा आधीच सोडून दिली होती.